सायकलीला बिल्ला, विमानाला सलाम

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील सोलापूरच्या गिरणीत होते आणि गिरणीच्या दारात जे पत्रक हातात पडे ते घडी घालून घरी आणत. संपाचं, सभेचं, निषेधाचं, निषेधाच्या निषेधाचं. आई ती फडताळात अंथरायची. मी अक्षरं शिकलो ती त्या फडताळापुढे बसून. 'ग' गणपतीचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर माझा 'ग' गळचेपीचा होता.

आईवडील गेल्यावर घरात तिघं उरलो. दादा, वहिनी आणि मी. दादा गिरणीत बदली कामगार होता. बदलीवाल्याचं आयुष्य असं की रोज पाळीच्या आधी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कुणी कायम कामगार गैरहजर असला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवणार, ज्याच्याकडे बोट त्याला त्या दिवशी काम. जॉबरनं दादाला सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपातुर एक बी खाडा करू नको. दारात दिसलास पायजे. मग कायम करायचं माझ्याकडं लागलं." दिवाळी जवळ आली होती. दादानं तापातसुद्धा खाडा केला नव्हता.

आमचं गाव सोलापूरच्या दक्षिणेला, विमानतळाला खेटून. दुपारपाळीच्या वेळेला धरून एकही एसटी नाही. म्हणजे दादाचं कायम होणं एका काळ्या, घंटी नसलेल्या सायकलीवर अवलंबून होतं. सकाळी ती मी वापरायचो, दुपारी दादा.

विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि वारा दाखवणारं कापडी नळकांडं. कुंपण होतं, पण त्याचा मुख्य उपयोग म्हशींना अंग घासायला व्हायचा. मंत्री आले तर विमान, नाहीतर टिटव्या. दुष्काळात आमच्या अख्ख्या गावानं सरकारी कामावर खडी फोडली. वहिनीनं फोडली, दादानं फोडली, सुटीत मीही फोडली. त्या खडीतून गावचा रस्ता होणार असं सगळे धरून चालले होते. खडी ट्रकांत बसून धावपट्टीकडे गेली. धावपट्टी लांब झाली, काळी झाली, आरशासारखी झाली. गावच्या रस्त्याला काय मिळालं? खडीच्या ट्रकांनी पाडलेले नवे खड्डे.

आणि त्या खड्ड्यांतून जाणाऱ्या सायकलीवर ग्रामपंचायतीचा कर! कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे आणि तो मागच्या चाकापाशी तारेनं बांधावा लागे. दरवर्षी बिल्ल्याचा आकार बदलायचा. एका साली गोल, एका साली चौकोनी, मी सांगतोय त्या साली तिकोनी. कुणी भरलाय आणि कुणी नाही ते लांबूनच कळावं म्हणून.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला उसावर पाकोळीची कीड पडली आणि साखर कारखान्यानं औषध फवारायला एक छोटं विमान भाड्यानं आणलं. ते आमच्या धावपट्टीवर मुक्कामाला राहिलं. रोज गावाच्या डोक्यावरून जाई, रोज येई. ना कर, ना बिल्ला. शिवाय खालून पोरं त्याला सलाम करत. मला ते बघवेना. मी पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'सायकलीला बिल्ला, विमानाला सलाम!' खाली रोखठोक सवाल. धावपट्टी कुणाच्या पैशावर? खडी कुणाच्या हातची? विमानाची नोंद कुठल्या दफ्तरात? ज्या वाहनासाठी जनतेनं तालुक्यातला सर्वांत चांगला रस्ता बांधला ते मोकळं, आणि ज्याला रस्ताच नाही ते करपात्र, हा कुठला न्याय? शेवटी 'सत्ताधारी आणि त्यांचे चेले' यांना इशारा होता.

दादानं बिल्ल्यासाठी दिलेले पैसे कागदाला लागले. तिकोनी बिल्ला एकाच सायकलीवर राहतो, कागद शंभर घरी जातो, असा माझा हिशेब. शिवाय बिल्ला न घेणं हा माझा सत्याग्रहच होता. फक्त तो मी अजून कुणाला सांगितला नव्हता.

पत्रकांचा गठ्ठा कॅरिअरला लावून मी सोलापुरातल्या छापखान्यातून परत येत होतो. पंचायतीपुढच्या लिंबाखाली शिपाई बसले होते. ते अख्ख्या गावाचे मामा, त्यामुळे कुणालाच सोडायचे नाहीत.

"थांब. बिल्ला?"

"आहे की."

"ह्यो गोल हाय. गोल गेल्या सालचा. औंदा तिकोनी."

"कर भरायला माझी ना नाही, मामा. पण आधी मला सांगा, त्या विमानाला बिल्ला आहे का?"

मामांनी मान वळवून धावपट्टीकडे बघितलं. "त्याला कशाला बिल्ला?"

"का नाही? सायकल कुठल्या रस्त्यावरून जाते बघा, आणि विमान कुठल्या रस्त्यावरून पळतं..."

"उतर."

"काय?"

"सायकलीवरनं खाली उतर. भाषण उभं राहून कर की."

मी उतरलो आणि उभं राहून केलं. मामांनी पूर्ण ऐकलं. दोनतीन ठिकाणी मानही डोलावली. माझं संपल्यावर त्यांनी हँडल धरलं आणि सायकल गठ्ठ्यासकट कोंडवाड्यात नेऊन दोन शेळ्या आणि एका म्हशीच्या मध्ये उभी केली. पंचायतीकडे सायकल अडकवायला दुसरी जागा नव्हती आणि पावतीपुस्तकही कोंडवाड्याचंच होतं. मामांनी ते जिभेला बोट लावून उघडलं आणि रकाने भरले. जनावराची जात : सायकल. रंग : काळा. शिंगं : दोन, वाकडी. खूण : घंटी न्हाय.

त्या दुपारी दादा चालत गिरणीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पंचायतीत गेलो. सरपंचांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा चष्मा लावून माझं पत्रक वाचत होते.

"ये बारक्या. हे 'सत्ताधारी' म्हंजी कोण रं? मी?"

"छे, आप्पा! तुमच्याकडे कुठली सत्ता!" मला वाटलं मी त्यांना वाचवतोय.

आप्पांनी चष्मा काढला. "मग चेला मी?"

दादानं मध्येच पैसे पुढे केले. "आप्पा, कर घ्या आन् सायकल सोडा. माझी पाळी हाय."

"पैशाचं न्हाय. मंगळवारी बाजार भरतो. तितं उभं राहून ह्यानं म्हणायचं, पत्रक चुकलं, मागं घेतो. मग सायकल."

दादानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी म्हणालो, "एक शब्द मागे घेणार नाही." दादानं पायावरचा भार वाढवला. मी तेच मोठ्यानं म्हणालो.

मग घरात दोन सरकारं झाली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वहिनी. वहिनी मैंदर्गीची, माहेरी कानडी, रागावली की अर्धी माहेरी जायची. रोज मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी दादा चालत घरी यायचा आणि सकाळी वहिनी त्याच्या तळपायाच्या फोडांना हळद-तेल लावत बसायची. लावायची त्याला, बोलायची मला.

"अय्यो, भाऊजी! तुमच्या पत्रकात हे फोड बी छापा की."

"वहिनी, ही एका सायकलीची गोष्ट नाही. तत्त्वाची आहे."

"तत्त्वाला टायर असत्यात का? असली तर त्येच्यावर बसवून न्या ह्यांना."

नमुन्याच्या चार प्रती माझ्या खिशातून घरी आल्या होत्या, त्यामुळे फडताळात आता माझंच पत्रक अंथरलेलं होतं. भाकरीही त्यातच बांधलेली. "शाई लागती तेवढं सोडलं तर कागद लई चांगला हाय," असं ती म्हणायची.

मंगळवार यायच्या आत फोडांनी निकाल लावला. एका सकाळी दादाला चप्पल घालता येईना. उंबऱ्यापर्यंत गेला आणि खाली बसला. दुपारच्या आत सायकल सुटली नाही तर खाडा, आणि खाडा झाला तर दिवाळी गेली. वहिनीनं पदर खोचला. "चला दोघं बी."

पंचायतीत पोचताच ती थेट आप्पांपुढे उभी राहिली. "आप्पा, माझ्या नवऱ्याची सायकल धरता, ती गरीब हाय म्हणून. त्या मोठ्या धुडाला धरा की! त्येच्या चाकाखालची खडी मी फोडलीया. ह्या हातानं. त्येला सोडता आन् आमाला धरता व्हय?"

माझं छापील पत्रक आप्पांनी कितीदा वाचलं असेल, पण त्यांच्या डोक्यात ते त्या क्षणी शिरलं. ते हळूच म्हणाले, "मामा, इमानाला चाकं किती?"

"तीन जी. फुडं दोन, मागं एक बारकं."

"मुक्काम आपल्या हद्दीत?"

"आपल्याच."

"मग वाहन न्हवं व्हय ते? कपाटात बिल्ला हाय का?"

"एकच हाय. बाकीचे मंगळवारी ग्रामसेवकाबरोबर येनार."

नियम माहीत असलेला माणूस म्हणजे ग्रामसेवक, आणि तो चार गावांना मिळून एक. त्यामुळे हा ठराव त्याच्या अडथळ्याशिवाय पार पडला. मामांनी बिल्ला, तार आणि पक्कड घेतली. पुढे आप्पा, मागे मामा, त्यांच्या मागे निम्मं गाव. मी आप्पांच्याही पुढे होतो. पत्रक लिहिणाऱ्याच्या आयुष्यात असा दिवस एकदाच येतो. लंगडत येणारा दादा मागून ओरडत होता, "आरं पण सायकल!"

पंखाच्या सावलीत पायलट चहा पीत बसला होता. तो धारवाडकडचा निघाला. आप्पांनी कानडीत विचारपूस केली, त्यानं त्यांना आपल्या पेल्यातला चहा दिला, आणि कराचं ऐकून तो हसला नाही, हे मला आवडलं. पंखाखाली बोट दाखवून तो आमच्यासाठी मराठीत म्हणाला, "ही मोठी इंग्रजी अक्षरं बघा. हाच याचा बिल्ला. नोंद दिल्लीला होते. राज्य सरकारलासुद्धा तो अधिकार नाही, मग पंचायतीचं तर राहू द्या."

मी उसळलो. "म्हणजे जमीन गावची, खडी गावची, डांबर राज्याचं आणि नोंद दिल्लीची?"

"होय. आणि ऊस या आप्पांचा. आज ऊन कललं की त्यांच्याच मळ्यावर फवारा आहे. उद्या आम्ही टेंभुर्णीकडे चाललो."

आप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. "मग ऱ्हाऊ द्या म्हणतो मी बिल्ल्याचं..."

तेवढ्यात शेपटीकडून मामांचा आवाज आला. "झालं, आप्पा! लावला!"

मामांनी आयुष्यभर बिल्ला मागच्या चाकापाशी बांधला होता. तिथंच बांधला. पायलट पेला टाकून पळाला आणि जमिनीवर आडवा झाला. त्या बारक्या चाकाला वळवणाऱ्या तारा आणि स्प्रिंगा होत्या. मामांनी आपली तार त्यांच्यासकट गुंडाळून पक्कडीनं चांगला पीळ दिला होता. सायकलवाले बिल्ला चोरतात, म्हणून मामांचा पीळ गावात प्रसिद्ध होता.

"मी काढतो की," मामा म्हणाले.

"हात लावू नका! मीही लावणार नाही. इंजिनिअर येईल, बघेल, सोडवेल, सही करेल. मगच हे उडेल."

"सही? एवढ्याशा तारेला?"

"एक स्क्रू फिरवला तरी सही लागते."

इंजिनिअर सोलापुरात, स्टेशनाजवळच्या लॉजवर. कारखान्याची जीप संध्याकाळी येणार. संध्याकाळी जीप आली, म्हणजे रात्र झाली, म्हणजे उद्या टेंभुर्णी. आप्पांनी आपल्या उसाच्या दिशेनं बघितलं. तिथून त्यांना पाकोळी दिसत होती असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

"मामा, गावातल्या बाकीच्या सायकली सकाळीच सोलापूरला गेल्यात, ही सोड. बारक्या जाईल इंजिनेराला आणायला."

"सोडतो. पन बिल्ला?"

"कसला बिल्ला?"

"आप्पा, सायकलीचा ठराव तुमीच केलाय. बिल्ल्याबिगर हद्दीत चाक फिरलं तर शिपायाची नोकरी जाईल. तुमचीच सही हाय."

"मग दे की एक!"

मामांनी शेपटीकडे बोट केलं. "त्यो एकच हुता."

सगळे तिकडे बघत राहिले. बिल्ला काढायला इंजिनिअर पाहिजे, इंजिनिअर आणायला सायकल पाहिजे, सायकलीला बिल्ला पाहिजे. पायलटनं डोक्याला हात लावला. मी इतकी वर्षं व्यवस्थेच्या चक्राबद्दल वाचत आलो होतो, ते असं उन्हात उभं कधी बघितलं नव्हतं.

मागून दादा म्हणाला, "मामा, चाक न्हाय फिरलं तर?"

मामांनी विचार केला. "चाक फिरलं न्हाय तर माझं काय म्हणनं न्हाय."

मी कोंडवाड्यातून सायकल बाहेर काढली आणि डोक्यावर घेतली. गावाच्या मधून, खड्ड्यांच्या रस्त्यानं, ओढ्यापलीकडच्या शिवेच्या दगडापर्यंत. शेजारून मामा नजर रोखून चालत होते.

"मागचं फिरतंय की!"

"वाऱ्यानं फिरतंय, मामा."

"कशानं बी फिरू दे." त्यांनी मला थांबवलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि चाक बांधून टाकलं. दादा मागून अनवाणी पाय टाकत येत होता आणि वहिनी त्याच्या मागून भाकरी घेऊन. पोरांनी आम्हा सगळ्यांना सलाम केला.

शीव ओलांडली, टॉवेल सुटला, दादा सीटवर बसला आणि मी कॅरिअरवर. डबलसीट हाही गुन्हाच, पण तो शहराचा. आमच्या गावाची हद्द संपली होती. दादा फोडांनी पायडल मारत होता. प्रत्येक फेरीला त्याच्या तोंडून एक शिवी निघायची. पहिल्या काही विमानाला होत्या, मग आप्पांना, आणि सोलापूर दिसायला लागल्यावर सगळ्या मला.

"दादा, मी मारतो पायडल."

"तू बस गप. तुझ्या हातात हँडल दिलं म्हणून तर हे झालं."

गिरणीचा भोंगा सुरू झाला तेव्हा आम्ही वळणावर होतो. दारात बदलीवाले उभे होते आणि जॉबर बोट उचलत होता. दादानं सायकल माझ्या अंगावर टाकली आणि त्या घोळक्यात घुसला. मला त्याची फक्त टोपी दिसत होती. जॉबरचं बोट दोघांतिघांवरून गेलं, थांबलं, आणि टोपी दारातून आत गेली. मी भर रस्त्यात 'कामगार एकजुटीचा विजय असो' म्हणून ओरडलो. पानवाल्यानं मला गिऱ्हाईक समजून सुपारी कातरायला घेतली.

इंजिनिअर लॉजच्या गच्चीत बनियनवर वर्तमानपत्र वाचत होता. त्याला आधी वाटलं विमान पडलं. मग मी खरं सांगितलं, तर तो जास्तच घाबरला. हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन तो माझ्या कॅरिअरवर बसला. शिवेच्या दगडापाशी मी थांबलो.

"उतरा, साहेब."

"का? पंक्चर?"

"बिल्ला नाही."

मी सायकल डोक्यावर घेतली. टॉवेल घेऊन मामा तयारच होते. इंजिनिअर पेटी उचलून आमच्यामागून चालत राहिला. वेड्यांच्या गावात शहाण्या माणसानं चालावं तसा.

त्यानं तार सोडवली, स्प्रिंगा बघितल्या, चाक हलवून बघितलं, पुन्हा बघितलं. मग खिशातलं पेन काढून सही केली. मामा उकिडवे बसून बघत होते.

"साहेब, नुसतं काढलं तरी सही?"

"ज्यानं हात लावला त्याची जबाबदारी. सही म्हणजे तेवढंच."

मामांना हे फार मोठं वाटलं. इतकी वर्षं एवढे बिल्ले बांधले, कुणी त्यांची जबाबदारी विचारली नव्हती.

ऊन कललं तेव्हा विमान उठलं, आप्पांच्या मळ्यावर पांढरा धूर सोडत गेलं, आणि वळताना पंखाखालची अक्षरं सगळ्या गावानं वर मान करून बघितली. मामांनी तो तिकोनी बिल्ला दादाच्या सायकलीला बांधला. पूर्वीपेक्षा एक पीळ कमी.

मंगळवारच्या बाजारात मी ताठ मानेनं गेलो, शब्द मागे न घ्यायला. बघतो तर आप्पा स्वतः माझं पत्रक वाटत होते. "वाचा, वाचा! इमानाला बिल्ला लावणारी पैली पंचायत आपली हाय!" माझा अख्खा गठ्ठा सत्ताधाऱ्यांनी वाटला. मी त्यांना गाठून म्हणालो की यात तुमच्यावर टीका आहे. ते म्हणाले, "असू दे की. कागद चांगला हाय."

माझे सवाल मात्र उभेच आहेत. धावपट्टीवर अजूनही मंत्र्यांच्या आधी डांबर येतं, आमच्या रस्त्यावर येत नाही. तो पैसा जनतेचा आहे आणि त्याचा जाब जनतेनंच विचारायचा आहे. हे मी तेव्हा लिहिलं, आजही लिहितो, आणि रस्ता होईपर्यंत लिहिणार.

दिवाळीला दादा कायम झाला.

नव्या सालचा चौकोनी बिल्ला घेऊन मामा घरी आले. आता ते घरोघर जाऊन बांधायचे आणि एका वहीत स्वतःची सही करून मालकाचीही घ्यायचे. गावातले लोक त्यामुळे वैतागले होते. आमच्या अंगणात त्यांनी बिल्ला बांधला, चाक हलवून बघितलं, पुन्हा बघितलं, सही केली आणि वही दादापुढे धरली. दादानं सावकाश नाव लिहिलं आणि त्याखाली एक शब्द : कायम.

मामांनी वही फिरवून वाचलं. "ह्ये काय?"

"हुद्दा."

"बरं." मामांनी माझ्याकडे बघितलं. "सायकल सकाळी ह्यो बी चालवतो. ह्याची बी सही पायजे. ह्याचा हुद्दा काय लिवू?"

मी 'लेखक' म्हणायला तोंड उघडलं. आतून वहिनीचा आवाज आला.

"बदली!"